एकाच अंगात हजार रूपं: हिपॅटायटिस सी समजून घेऊ या

आम्ही तुमच्यासारख्याच बचत गटातल्या बाया बोलतोय. कुणाची भातलावणी उरकली असेल, कुणाची अजून चालू असेल. चिखलाचे पाय धुवून जरा टेकला असाल, तर पंधरा मिनिटं आमच्यासाठी काढा. एरवी आम्ही कर्ज, हप्ते, शेळ्या, पापड यांवर बोलतो. आज एका आजाराबद्दल बोलायचं आहे. २८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन असतो. हिपॅटायटिस म्हणजे लिव्हरला, आपल्या यकृताला आलेली सूज. ती आणणारे मुख्य विषाणू पाच प्रकारचे आहेत. त्यातला ‘सी’ नावाचा जो आहे, त्याने आम्हाला बरंच शिकवलं.

आधी आमची चूक सांगतो, मग बाकीचं.

आमच्या गटात बारा जणी. त्यातल्या एका ताईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलं होतं. आधीच्या रक्ततपासणीत कागदावर शेरा आला, ‘एचसीव्ही पॉझिटिव्ह’. ज्या दवाखान्यात ती गेली होती तिथे तिला एवढंच सांगितलं, की तुझं रक्त खराब आहे, इथे ऑपरेशन होणार नाही. घरी आल्यावर तिचं ताट-वाटी वेगळी झाली. नातवाला तिच्या मांडीवरून उचलून नेलं. आणि आम्ही काय केलं? पुढच्या बैठकीला तिने नेहमीसारखा चहा करून आणला, आणि अकरा कप तसेच गार झाले. तिने कप उचलले, हिशेबाची वही पुढे सरकवली, काही बोलली नाही. त्या दिवसाची आम्हाला अजून लाज वाटते. अज्ञान आमचं होतं आणि शिक्षा तिला झाली.

दोन दिवसांनी आमच्यातल्या दोघी तिला घेऊन जिल्हा रुग्णालयात गेल्या. तिथल्या समुपदेशक ताईंनी पहिला प्रश्न विचारला, तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं का? चढवलं होतं. तिसऱ्या बाळंतपणात, १९९७ साली, दोन बाटल्या. हा विषाणू शास्त्रज्ञांना सापडला तोच मुळी १९८९ साली. आपल्या देशात रक्तपेढीतल्या प्रत्येक बाटलीची या विषाणूसाठी तपासणी सक्तीची झाली ती २००१-०२ च्या सुमारास. त्याआधी ज्यांना रक्त चढवलं, त्यांच्यातल्या काहींना असा संसर्ग झाला. कुणाला एकच सुई अनेकांना टोचल्याने झाला, कुणाला जत्रेत गोंदून घेताना. आमच्या ताईला नेमका कशातून झाला हे आता कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. तिचा दोष मात्र कशातच नव्हता.

ताईने तेव्हा एक प्रश्न विचारला. ती म्हणाली, “पोरांना गोवर येतो, एकदा येऊन गेला की परत येत नाही. अंग त्याला ओळखून ठेवतं. मग हा पंचवीस वर्षं माझ्या अंगात राहिला, तर माझ्या अंगाने त्याला ओळखलं कसं नाही?”

मैत्रिणींनो, आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाच्या उत्तराचं आहे. अंगाने त्याला ओळखलं होतं. पण ओळखेपर्यंत तो बदललेला असायचा. परत ओळखायचं, परत तो बदललेला. असं पंचवीस वर्षं चाललं होतं.

कसं, ते सांगतो. आपल्या गटाची नियमावली असते. समजा ती हाताने नकलून काढायची आहे. एकीने नकललं, तिच्यावरून दुसरीने, दुसरीवरून तिसरीने. नंतर कुणी तपासलं नाही, तर कुठे काना राहील, कुठे मात्रा जाईल. पुढची बाई ती चूकही तशीच नकलेल आणि स्वतःची एखादी भर घालेल. हिपॅटायटिस सी चा विषाणू म्हणजे अशीच एक लहानशी नियमावली आहे. साधारण ९,६०० अक्षरांची. तो आपल्या लिव्हरच्या पेशीत शिरतो आणि तिथे स्वतःच्या नकला काढत बसतो. आपल्या शरीरात पेशींची नक्कल निघताना चुका तपासून दुरुस्त करणारी व्यवस्था असते. या विषाणूच्या नकलनविसाकडे ती नाही. चूक झाली की ती राहते.

आता नकला किती निघतात ते ऐका. संसर्ग झालेल्या माणसाच्या अंगात दिवसाला सुमारे एक लाख कोटी नवे विषाणू तयार होतात. यातल्या बऱ्याच नकला बिघडलेल्या असतात, त्या मरून जातात. पण एवढ्या ढिगात कुठल्या ना कुठल्या नकलेत जवळजवळ प्रत्येक अक्षर एकदा तरी बदललेलं असतं, आणि तेही रोज. त्यामुळे रुग्णाच्या अंगात एकच विषाणू आहे असं म्हणणं बरोबर नाही. तिथे एकमेकींशी मिळत्याजुळत्या, पण थोड्याथोड्या वेगळ्या अशा असंख्य बहिणींचं अख्खं गोत नांदत असतं.

मग यातल्या टिकतात कुठल्या? हे समजायला बेणणी आठवा. भाताच्या खाचरात आपण गवत उपटतो. जे गवत गवतासारखं दिसतं ते पटकन हाताला लागतं. जे थेट भाताच्या रोपासारखं दिसतं ते मात्र नजरेतून सुटतं. तेच पुढे निसवतं, त्याचंच बी पडतं, आणि पुढच्या साली खाचरात तसलंच गवत जास्त उगवतं. त्या गवताने काही ठरवून भाताचं सोंग घेतलेलं नसतं. आपल्याच बेणणीतून जे सुटलं ते वाढलं. आपल्या अंगातली रोगप्रतिकारशक्तीही अशीच रोज बेणणी करते. ती विषाणूच्या बाहेरच्या कवचावरून त्याला ओळखते आणि मारते. त्या कवचाचा एक छोटा तुकडा फारच भराभर बदलतो. ज्या नकलेचं कवच ओळखीचं राहिलेलं नाही, ती सुटते आणि वाढते. अंग तिला ओळखायला शिकेपर्यंत पुढची सुटलेली असते.

हे नुसतं सांगोवांगी नाही. आयर्लंड देशातली एक गोष्ट आहे, आणि ती बाळंतिणींची आहे म्हणून मुद्दाम सांगतो.

आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणानंतर आईला एक इंजेक्शन देतात. अँटी-डी त्याचं नाव. आपल्याकडेही देतात, तुमच्यापैकी कुणी घेतलंही असेल. हे इंजेक्शन माणसाच्या रक्तातल्या प्लाझ्मापासून बनतं. आयर्लंडमध्ये १९७७ आणि १९७८ साली ज्या रक्तापासून ते बनवलं, त्यात एका कावीळ झालेल्या बाईचं रक्त होतं. हिपॅटायटिस सी तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हता, पण तिला कावीळ झाली होती हे तर दिसत होतं. तरी ते वापरलं गेलं. पुढच्या बाळाचं भलं व्हावं म्हणून इंजेक्शन घेतलेल्या शेकडो आया विषाणू घेऊन घरी गेल्या.

पुढे कित्येक वर्षं कुणाला पत्ता नाही. बायका थकल्या थकल्या म्हणायच्या, सांधे दुखतात म्हणायच्या. घरचे म्हणायचे, वय झालं, काम फार आहे. आपल्याला काय म्हणतात, तेच त्यांनाही. मग रक्तदात्यांची या विषाणूसाठी तपासणी सुरू झाली. कॉर्क शहरातल्या डॉक्टर जोन पॉवर यांच्या लक्षात आलं, की रक्तात या विषाणूची खूण सापडणाऱ्यांत निगेटिव्ह रक्तगटाच्या बायका फार आहेत. तिथून धागा इंजेक्शनपर्यंत पोहोचला. १९९४ साली देशभर तपासणी झाली. ६२,६६७ बायका तपासल्यावर ७०४ जणींच्या रक्तात संसर्गाची खूण सापडली. त्यातल्या ३९० जणींच्या रक्तात विषाणू अजून जिवंत होता. बाकीच्यांच्या अंगाने तो स्वतःच हटवला होता. ज्यांच्या अंगात तो होता, त्यातल्या दर तिघींतल्या दोघी थकव्याची तक्रार करत होत्या. डोनेगल भागातल्या ब्रिजिड मॅकोल या बारा मुलांच्या आईने सरकारी रक्तसेवेविरुद्ध दावा लावला. १९९६ साली त्या वारल्या. पुढे सरकारने नेमलेल्या चौकशीत चुका उघड झाल्या. त्या बायकांनीही संघटना बांधली होती, मैत्रिणींनो. एकेकटीचं कुणी ऐकत नव्हतं.

आता आपल्या विषयाची गोष्ट. या सगळ्या बायकांना संसर्ग झाला तो एकाच बाईच्या रक्तातून, साधारण एकाच काळात. म्हणजे बी एकच. सतरा वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्यांच्या रक्तातल्या विषाणूंची अक्षरं वाचली. मूळ एक आहे हे ओळखू येत होतं, पण प्रत्येकीच्या अंगात तो वेगळ्या वाटेने बदलत गेला होता. ज्याचं अंग वेगळं, त्याची बेणणी वेगळी, म्हणून सुटलेलं गवतही वेगळं.

२००० साली पॅट्रिझिया फार्ची या इटालियन संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. संसर्गाच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत ज्यांच्या अंगातल्या विषाणूची विविधता कमी होत गेली, ते आपोआप बरे झाले. ज्यांच्या अंगात नवनवी रूपं वाढत गेली, त्यांचा आजार कायमचा झाला. शंभरातल्या साधारण तीस जणांच्या अंगातून हा विषाणू सहा महिन्यांत आपोआप जातो. उरलेल्या सत्तरांच्या अंगात तो मुक्काम ठोकतो. त्यातल्या काहींचं लिव्हर वीस-तीस वर्षांत आकसतं, टणक होतं. त्याला सिरोसिस म्हणतात. काहींना पुढे लिव्हरचा कॅन्सरही होतो. आणि या सगळ्या वर्षांत बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत. म्हणून काविळीची माळ घालून किंवा गावठी औषध घेऊन हा आजार उतरला असं कुणी म्हणालं, तर त्यावर विसंबू नका. पिवळेपणा जाणं म्हणजे विषाणू जाणं नव्हे.

हे सगळं कळून आपल्या रोजच्या जगण्यात काय फरक पडतो? चार गोष्टींत पडतो.

पहिली. या विषाणूवर अजून लस नाही. लस म्हणजे अंगाला चोराचा फोटो आधीच दाखवून ठेवणं. इथे फोटो छापेपर्यंत चेहरा बदलतो. बाळाला जन्मल्यावर जी हिपॅटायटिसची लस टोचतात ती ‘बी’ ची. ती जरूर द्या, पण तिने ‘सी’ अडत नाही.

दुसरी. तपासण्या दोन आहेत. पहिली अँटिबॉडीची. ती एवढंच सांगते, की हा विषाणू या अंगात कधीतरी येऊन गेला आहे. तो आज आहे का, हे सांगते दुसरी तपासणी. तिला व्हायरल लोड किंवा आरएनए तपासणी म्हणतात. पहिली पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही. त्या आयरिश बायकांपैकी तीनशेहून जास्त जणींची पहिली तपासणी अशीच होती, पण विषाणू गेलेला होता. आणि औषधाने बरी झालेल्या बाईचीही पहिली तपासणी पुढे वर्षानुवर्षं पॉझिटिव्हच येत राहते. म्हणून दुसऱ्या तपासणीचा कागद जपून ठेवा, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.

तिसरी. एकदा बरं झालं की परत होणार नाही, असं नाही. गोवराचं अंगाला पक्कं ओळखता येतं, याचं येत नाही. पुन्हा दूषित सुई टोचली गेली, तर पुन्हा संसर्ग होऊ शकतो.

चौथी गोष्ट औषधाची, आणि ती सगळ्यांत आनंदाची. हा विषाणू कितीही रूपं बदलो, आज तो बरा होतो. शंभरातले पंचाण्णवाहून जास्त लोक बरे होतात. नव्या गोळ्या त्याच्या बाहेरच्या कवचाकडे बघतच नाहीत. त्या थेट त्याच्या नकला काढण्याच्या यंत्रावर घाव घालतात. त्या यंत्राच्या गाभ्यात बदल झाला तर विषाणूच लुळा पडतो, म्हणून तिथे त्याला फारसं बदलता येत नाही. शिवाय दोन औषधं एकत्र देतात. आपल्याकडे सहसा सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर देतात. लिव्हर जास्त बिघडलं असेल, तर डॉक्टर औषध किंवा मुदत बदलतात. दोन का? परत बेणणीकडे या. एकीने पान बघून उपटायचं आणि दुसरीने मूळ बघून. पान भातासारखं असेल ते मुळावरून सापडतं. पान आणि मूळ दोन्ही एकदम भातासारखं असलेलं गवत फार विरळ. आणि हा विषाणू आपल्या पेशीच्या मूळ वहीत स्वतःला लिहून ठेवत नाही. नकला निघणं थांबलं की तो संपतो.

पण बेणणी अर्धी सोडली तर काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. जे उरतं ते नेमकं न सापडणारं असतं, आणि पुढे तेच माजतं.

आमच्या ताईचं तसंच व्हायला आलं होतं. कोर्स बारा आठवड्यांचा, म्हणजे ८४ दिवसांचा. पाचव्या आठवड्यात तिचा थकवा गेला, भूक लागायला लागली. तिने ठरवलं, आता बरं आहे, उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवू, पुढे परत त्रास झाला तर उपयोगी येतील. बचतीची सवय आपली! साखर उरवतो, साबण उरवतो, तशा गोळ्याही. आम्हाला हे कळलं ते वहीमुळे. गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही तिच्यासाठी ८४ चौकोन आखले होते. गोळी घेतली की शेजारणीने बरोबरची खूण करायची. छत्तिसावा चौकोन रिकामा दिसला. शेजारीण लगेच तिच्या घरी गेली. डब्यात गोळ्या सापडल्या. रात्र झाली होती तरी समुपदेशक ताईंना फोन लावला. त्यांनी समजावलं, आजची गोळी आत्ता घ्या, उद्यापासून नेहमीच्या वेळी घ्या, आणि दोन दिवसांची एकदम कधीच घेऊ नका. सगळी बचत चालते, मैत्रिणींनो, ही एक चालत नाही.

८४ चौकोन भरले. औषध संपल्यावर बारा आठवडे थांबून शेवटची तपासणी असते, तीही झाली. कागदावर लिहून आलं, ‘विषाणू आढळला नाही’. तो कागद तिने बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवला. त्या दिवशी चहा आम्ही केला आणि पहिला कप तिला दिला. तिचं ऑपरेशनही नंतर झालं.

आता तुम्ही काय करायचं? २००२ च्या आधी रक्त चढवलं असेल, डायलिसिस होत असेल, एकाच सुईने अनेकांना टोचणाऱ्याकडून इंजेक्शनं घेतली असतील, जत्रेत गोंदून घेतलं असेल, किंवा घरात कुणाला हा आजार असेल, तर एकदा तपासणी करून घ्या. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. आपल्या आशाताईंना किंवा जिल्हा रुग्णालयात विचारा. इतर कुठली औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. दिवस गेले असतील तर तेही सांगा, कारण या गोळ्या सहसा बाळंतपणानंतर देतात. आईकडून बाळाला हा आजार शंभरात पाच-सहा जणींच्या बाबतीत जातो, म्हणून बाळाचीही तपासणी होते. अंगावर पाजायला हरकत नाही. बोंडीला चीर पडून रक्त येत असेल, तर ती बरी होईपर्यंत थांबा.

इंजेक्शन घेताना नवी सुई आपल्या डोळ्यांसमोर पाकिटातून काढायला लावा. विचारायला लाजू नका. ब्लेड, वस्तरा, दात घासायचा ब्रश प्रत्येकाचा वेगळा ठेवा. अँटी-डी चं इंजेक्शन डॉक्टरांनी सांगितलं तर जरूर घ्या. आता ते बनवताना रक्ताची तपासणी होते आणि विषाणू मारण्याची प्रक्रियाही करतात. आयर्लंडची गोष्ट ऐकून ते टाळलंत, तर पुढच्या बाळाचं नुकसान होईल.

आणि ताट वेगळं करू नका. एका ताटात जेवल्याने, मांडीवर नातू घेतल्याने, तिने केलेला चहा प्यायल्याने हा आजार होत नाही. तो रक्तातून रक्तात जातो. रूपं त्या विषाणूने बदलावीत, आपण आपल्या माणसाशी वागताना बदलू नये. आमच्याकडून ही चूक एकदा झाली. तुमच्या गटात अशी कुणी असेल, तर तिच्या हातचा चहा आधी प्या, आणि मग तिच्यासाठी वहीत ८४ चौकोन आखा.